लॅपटॉपलाच घरचा मेन कॉम्प्युटर बनवायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप आहे, बरा चालतोय, पण दिवसभर मान खाली घालून त्या चौदा-पंधरा इंचात डोळे घालून वैताग आलाय आणि वेगळा डेस्कटॉप घ्यायला पैसे किंवा जागा नाहीये, अशांसाठी हे लिहिलंय. उत्तरं मुख्यतः विंडोजवाल्यांसाठी आहेत, मॅकचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलंय. आणि काहीही विकत घ्यायच्या आधी एक काम करा, लॅपटॉप उचला, दोन्ही बाजूंनी नीट बघा आणि कुठकुठले पोर्ट आहेत ते मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानात उभं राहिल्यावर ते आठवत नाही आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

मुळात यात अर्थ आहे का? सरळ डेस्कटॉपच का घेऊ नये?

बहुतेकांना अर्थ आहे. ब्राउझर, एक्सेल, टॅली, मीटिंगा, कोडिंग, मुलांचा अभ्यास, थोडंफार फोटो एडिटिंग, एवढ्याला गेल्या पाच-सहा वर्षांतला कुठलाही बरा लॅपटॉप पुरतो आणि मोठा मॉनिटर, वेगळा कीबोर्ड लावला की समोर बसणाऱ्याला आत लॅपटॉप आहे की डेस्कटॉप हे कळतही नाही. जिथे अडतं ते म्हणजे तासन् तास चालणारं रेंडरिंग आणि जड गेम, कारण पातळ बॉडीतून गरम हवा बाहेर टाकायला जागाच कमी असते, प्रोसेसर तापला की तो स्वतःहून स्पीड कमी करतो. ग्राफिक्स कार्डाचं नाव डेस्कटॉपवाल्यासारखंच असलं तरी लॅपटॉपमध्ये ते कमी वॅटवर चालतं, त्यामुळे नावावर जाऊ नका. दुसरी गोष्ट रिपेअरची. डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, उडाला तर नवा आणून लावता येतो, लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला की खर्च ऐकून आपणच खाली बसतो. तरी लॅपटॉप आधीच घरात असेल तर मी म्हणेन आधी मॉनिटर घ्या, सहा महिने वापरून बघा, डेस्कटॉप नंतरही घेता येतो आणि मॉनिटर तेव्हाही कामाला येईलच.

कमीत कमी काय काय लागतं?

मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि ते जोडायच्या वायरी. बास. डॉक, मॉनिटर आर्म, वेबकॅम, आरजीबी लाईटा हे सगळं नंतर गरज पडली तर. व्हिडिओ बघून एकदम सगळी खरेदी करू नका, त्यातलं अर्धं सामान खोक्यातच पडून राहतं.

माझ्या लॅपटॉपला टाईप सी आहे, म्हणजे मॉनिटर चालणारच ना?

नाही! सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाईप सी हा फक्त भोकाचा आकार आहे, आतून काय येतं ते कंपनीनं ठरवलेलं असतं. कुठल्या पोर्टातून फक्त डेटा जातो, कुठल्यातून डेटा आणि चार्जिंग, आणि कुठल्यातून डेटा, चार्जिंग, व्हिडिओ असं तिन्ही. स्वस्त लॅपटॉपात बऱ्याचदा पहिलाच प्रकार असतो.

ओळखायचं कसं, तर पोर्टाशेजारी बारीक खूण असते ती टॉर्च मारून बघा. वीज पडल्यासारखा बाण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे व्हिडिओ आहे. डी आणि पी ही इंग्रजी अक्षरं एकात एक गुंफल्यासारखी खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट, म्हणजेही व्हिडिओ आहे. नुसतं दोनदा एस आणि यूएसबीचा त्रिशूळ असेल तर तेवढ्यावरून व्हिडिओची खात्री नाही. आणि काहीच खूण नसेल तर लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साईटवर टाका आणि स्पेसिफिकेशनमध्ये दोन शब्द शोधा, 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' आणि 'पॉवर डिलिव्हरी'. पहिला असेल तर मॉनिटर चालेल, दुसरा असेल तर त्याच वायरीतून चार्जिंगही होईल. सिरीजचं नाव टाकून शोधू नका, एकाच सिरीजमध्ये दोन मॉडेलचे पोर्ट वेगळे असतात.

आता यातही एक गोम आहे, वायर. मोबाईलच्या चार्जरसोबत येते ती टाईप सी वायर दोन्हीकडून दिसायला तश्शीच असते पण ती बहुतेक वेळा यूएसबी २.० ची असते, ४८० एमबीपीएसच्या वर डेटा जात नाही आणि व्हिडिओसाठी लागणाऱ्या तारा आत नसतातच. लोक ती लावतात, मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं आणि मग मॉनिटर खराब म्हणून परत पाठवतात. मॉनिटरच्या खोक्यात वायर आली असेल तर तीच वापरा.

लॅपटॉपला एचडीएमआय आहे, टाईप सीचं हे सगळं मला लागू आहे का?

नाही, मजा करा. एचडीएमआय वायर लावा, विंडोजचं बटण आणि पी दाबा, 'एक्स्टेंड' किंवा 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा, झालं. फोर-के मॉनिटर घेणार असाल तरच थांबा, जुन्या लॅपटॉपवरचं एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के फक्त ३० हर्ट्झवर मिळतं, म्हणजे चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतं, माउसचा बाण ओढत नेल्यासारखा वाटतो. ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० लागतं.

हब घेऊ का डॉक?

सेटअप चांगला झाला की नाही याची माझी एकच परीक्षा आहे, मीटिंगला किंवा गावाला जाताना लॅपटॉप एक, फार तर दोन वायरी काढून उचलता आला पाहिजे. पाच वायरी काढायला लागल्या तर माणूस आठवड्याभरात कंटाळतो आणि मग लॅपटॉप हलतच नाही किंवा मॉनिटर वापरणंच बंद होतं. एवढ्यासाठी हब.

व्हिडिओवालं टाईप सी असेल तर हबला मॉनिटर, कीबोर्ड, माउस, लॅन, चार्जर सगळं लावायचं आणि हबची एक वायर लॅपटॉपला. घेताना दोन गोष्टी वाचा. एक, एचडीएमआय फोर-के ३० हर्ट्झ आहे की ६०, स्वस्त हबवर बहुतेक ३० च असतं, पण मॉनिटर साधा फुल एचडी असेल तर त्यानं काही फरक पडत नाही. दुसरं, चार्जिंगचे वॅट. हबवर १०० वॅट छापलेलं असलं तरी तो स्वतःसाठी १०-१५ वॅट ठेवून घेतो आणि मुळात तुमचा चार्जर ६५ चा असेल तर लॅपटॉपपर्यंत पन्नासच पोचतात. ऑफिसच्या कामाला चालून जातं. गेमिंग लॅपटॉपला नाही चालत, त्यांचे ओरिजिनल अडाप्टर १८०-२४० वॅटचे असतात, त्यांना टाईप सीवर ठेवलं की स्पीड पडतो आणि जड काम असेल तर चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरत जाते. त्यांनी ओरिजिनल अडाप्टर लावायचा, म्हणजे दोन वायरी झाल्या, हरकत नाही. १०० वॅट न्यायचे असतील तर वायरही पाच अँपियरची लागते, साधी तीन अँपियरची ६० वॅटवर थांबते.

डॉक म्हणजे मोठा, स्वतःचा अडाप्टर असलेला हब. दोन मॉनिटर, सतत वापर आणि खर्च ऑफिस देतंय, असं असेल तर घ्या. स्वतःच्या खिशातून असेल तर त्यापेक्षा टाईप सी इनपुट असलेला मॉनिटर बघा, त्यातच हब आणि चार्जिंग असतं, थोडे पैसे जास्त पण टेबलावरचा गुंता खरंच जातो.

मॉनिटर किती इंची घेऊ?

फुल एचडी घेणार तर २४ इंच. २७ इंची फुल एचडी स्वस्त दिसतो आणि मोहात पाडतो, पण पिक्सेल तेवढेच आणि जागा जास्त, त्यामुळे अक्षरं जाडीभरडी दिसतात. हिशोब सांगतो, २४ इंचात साधारण ९२ पिक्सेल दर इंचाला, २७ इंचात ८२. देवनागरी वाचणाऱ्याला हे इंग्रजीपेक्षा जास्त खटकतं, 'क्ष्म्य' किंवा 'द्ध्य' सारखं जोडाक्षर लहान साईजमध्ये नुसता ठिपका होऊन बसतं. २७ हवाच असेल तर २५६० बाय १४४० वाला घ्या, तिथे १०९ च्या आसपास येतं. पॅनल आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसतात तो प्रकार) असू द्या आणि मागे स्क्रूची चार भोकं आहेत का बघा, ७५ किंवा १०० मिलिमीटरची, म्हणजे उद्या आर्म किंवा भिंतीवर लावायचा झाला तर अडणार नाही. कर्व्ह वगैरेचा विचार ३२ इंचाच्या वर करा.

घरातला टीव्हीच लावला तर?

तात्पुरतं चालेल. कडा कापल्या जात असतील, म्हणजे टास्कबार अर्धा दिसत असेल, तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल असलं काहीतरी असतं ते चालू करा, नाव कंपनीगणिक बदलतं. अक्षरांभोवती रंगीत कडा दिसत असतील तर इनपुटचं नाव 'पीसी' करून बघा. माउस मागून येतोय असं वाटत असेल तर गेम मोड. पण ४३ इंची टीव्ही दोन फुटांवर ठेवून रोज आठ तास काम करू नका, मान टेनिसची मॅच बघितल्यासारखी फिरते.

जुना मॉनिटर आहे, मागे निळं व्हीजीए आहे, टाकून देऊ?

अजिबात नको. एचडीएमआय टू व्हीजीए कनव्हर्टर स्वस्तात मिळतो, पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात. दिशा नीट सांगा, लॅपटॉपच्या बाजूला एचडीएमआय आणि मॉनिटरच्या बाजूला व्हीजीए, उलटा कनव्हर्टरही मिळतो आणि तो इथे चालत नाही. दुसरा मॉनिटर म्हणून, व्हॉट्सॲप आणि मेल उघडं ठेवायला, तो अजून बरीच वर्षं चालेल.

झाकण बंद करून चालवू शकतो का? बंद केलं की लॅपटॉप झोपतो.

चालवू शकता. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डाव्या बाजूला 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ', तिथे 'प्लग्ड इन' च्या खाली 'डू नथिंग'. फक्त प्लग्ड इनला करा, बॅटरीवालं 'स्लीप'च राहू द्या. नाहीतर एक दिवस घाईत लॅपटॉप चालू अवस्थेत बॅगेत जाईल आणि बाहेर काढाल तेव्हा इस्त्रीसारखा तापलेला असेल. मॅकला सेटिंग लागत नाही, चार्जर, बाहेरचा कीबोर्ड-माउस आणि मॉनिटर जोडलेला असला की झाकण बंद केलं तरी चालू राहतो.

पण बंद करायचं का हा वेगळा प्रश्न. काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतून हवा ओढतात, झाकण बंद केलं की त्यांचा श्वास कोंडतो आणि पंखा ओरडायला लागतो. शिवाय बहुतेकांचं पॉवर बटण आत असतं, म्हणजे रोज सकाळी झाकण उघडा, दाबा, बंद करा. मला विचाराल तर उघडाच ठेवा, मॉनिटरच्या बाजूला स्टँडवर, दुसरी स्क्रीन फुकटात मिळते आणि मीटिंगला वेबकॅमही तोच. टेबल फारच छोटं असेल तर बंद करून उभ्या स्टँडमध्ये ठेवा, मात्र गरम हवा बाहेर पडायची बाजू खाली किंवा भिंतीकडे येऊ देऊ नका.

सतत चार्जिंगला राहिला तर बॅटरी फुगते म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. पूर्वी सांगायचे की चार्जर काढून अधूनमधून पूर्ण उतरवा, ते आताच्या लिथियम बॅटरीला लागू नाही, उलट पूर्ण उतरवणं वाईटच. ओव्हरचार्ज वगैरे होत नाही, आतलं सर्किट १०० टक्क्यांना थांबवतं. बॅटरीला खरा त्रास होतो तो महिनोन् महिने १०० टक्क्यांवर बसून राहण्याचा आणि उष्णतेचा, आणि टेबलावरच्या लॅपटॉपला दोन्ही एकदम मिळतात. एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोला, जळगावकडे बिनएसीच्या खोलीत तर विचारूच नका.

उपाय सोपा, चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवायचं. बहुतेक कंपन्या ही सोय देतात, लेनोवोत व्हँटेज ॲपमध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड', आसूसमध्ये मायआसूसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग', डेलमध्ये 'प्रायमरिली एसी यूज', एचपीच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये. काही ६० ला थांबवतात, काही ८० ला, कुठलंही चालेल. चालू केल्यावर 'चार्जिंग होत नाहीये, चार्जर बिघडला' म्हणून घाबरू नका, तेच अपेक्षित आहे. गावाला जायच्या आदल्या रात्री बंद करून फुल करून घ्या.

बॅटरीची आत्ता काय अवस्था आहे ते बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं सलग इंग्रजीत टाईप करा, एक फाईल बनते, त्यात 'डिझाईन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' शेजारी शेजारी दिसते. दुसरी पहिलीच्या निम्म्यावर आली असेल तर बॅटरी थकलीये.

आणि फुगण्याची खूण माहीत असू द्या. टचपॅड एका कोपऱ्यात वर आल्यासारखा वाटतो, क्लिक दबत नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला तर डुगडुगतो. एवढं दिसलं की चार्जर काढा, बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. टाचणी मारून हवा काढायचा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच, त्याचं ऐकू नका, आग लागते.

लाईट गेली तर? यूपीएस घ्यावा लागेल का?

डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप इथेच भारी पडतो, लाईट गेली की मॉनिटर बंद होतो पण काम जागेवर राहतं, झाकण उघडलं की पुढे चालू. (झाकण बंद ठेवणारे आणि बॅटरीला 'स्लीप' ठेवणारे असाल तर लॅपटॉप झोपेल, पण उघडलं की सगळं तिथेच असतं.) पुण्यात गुरुवारी महावितरणचं मेन्टेनन्स असतं तेव्हा हे फार बरं पडतं. पण राऊटर बंद पडला तर मीटिंग जातेच, म्हणून कॉम्प्युटरला यूपीएस घेण्यापेक्षा राऊटरला छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पैसे तिथे लावा. घेताना राऊटरच्या अडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचा, काही राऊटर ९ व्होल्टचे असतात. मॉनिटरही चालू हवा असेल तर साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरेसा आहे, २४ इंची मॉनिटर पंचवीसेक वॅटच खातो. घरी इन्व्हर्टर असेल तर टेबलाजवळचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का एवढं वायरमनला विचारा.

लॅपटॉपला हात लागला की झिणझिण्या येतात, शॉक लागतोय का?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि कोणी विचारत नाही. धातूची बॉडी, अनवाणी पाय, खाली फरशी आणि चार्जिंग चालू, एवढं जुळलं की मनगटाच्या आतल्या बाजूला हलकं झिणझिणतं, बॉडीवरून बोट हळूच फिरवलं तर बारीक कंप जाणवतो. कारण असं की अडाप्टरच्या आत नॉइज कमी करायला एक कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट बॉडीपर्यंत येतो. अडाप्टरला तिसरी पिन असेल आणि घराला अर्थिंग नीट असेल तर तो तिकडून निघून जातो. अडाप्टर दोन पिनी असेल किंवा अर्थिंग नुसतं नावाला असेल तर तो तुमच्यातून जमिनीत जातो.

ओरिजिनल अडाप्टरवर एवढा करंट धोकादायक नसतो, पण त्रास तर होतो. तीन पिनी कॉर्ड थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा, मधे तो दोन पिनी चपटा कनव्हर्टर किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड नको, त्यातल्या बऱ्याच बोर्डांत अर्थची वायर आत जोडलेलीच नसते, बाहेर भोकं तीन. तरीही येत असेल तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या वाड्यांत आणि चाळींत ते हमखास गेलेलं असतं. आणि डुप्लिकेट अडाप्टर असेल तर 'धोकादायक नसतो' हे माझं वाक्य विसरा, बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) मार्क नसलेला अडाप्टर वापरायचाच नाही. झिणझिण्या नसून सरळ झटका बसला तर मेन स्विच बंद करा, मग अडाप्टर काढा आणि वायरमननं बघेपर्यंत तो बोर्ड वापरू नका.

वायरलेस माउस अडखळतोय, सेल बदलून झाले.

त्याचा रिसीव्हर हबमध्ये, पेनड्राईव्ह किंवा हार्ड डिस्कच्या शेजारी लावलाय का? यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर सोडतं आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो, इंटेलनं २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा किंवा फूटभर यूएसबी एक्स्टेन्शन वायरीनं हबपासून लांब आणा. लगेच फरक पडतो.

बाहेरच्या कीबोर्डवर मराठी कसं टाईप करू?

कीबोर्ड कुठलाही चालतो, भाषा विंडोजमध्ये असते. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, तिथे मराठी ॲड करा. दोन पर्याय मिळतात, 'मराठी फोनेटिक', हा विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून आलाय, इंग्रजीत उच्चार लिहिला की देवनागरी होतं, आणि दुसरा इनस्क्रिप्ट, यात डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. चार ओळीच लिहायच्या असतील तर फोनेटिक. रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्यानं पंधरा दिवस चडफडत का होईना इनस्क्रिप्ट शिकून घ्यावं, शिफारस नाही, आग्रह आहे. देवनागरी अक्षरांचे स्टिकर मिळतात, ते लॅपटॉपच्या कीबोर्डवर लावून तो बिघडवण्यापेक्षा बाहेरच्या साध्या कीबोर्डवर लावा. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस. जुन्या डीटीपी फॉन्टमध्येच काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी, त्याला तुमचं जुनं सॉफ्टवेअरच लागेल.

मॅकबुक एअरला दोन मॉनिटर लावायचेत.

कुठला एअर त्यावर आहे. एम१, एम२ ही आतल्या ॲपल चिपची नावं, एम१ आणि एम२ ला बाहेरचा एकच. एम३ ला दोन, पण झाकण बंद करून. एम४ ला दोन आणि झाकण उघडंही चालतं. विंडोजवर जो हब दोन मॉनिटर वेगवेगळे दाखवतो तोच मॅकला लावला तर दोन्हीवर तेच चित्र येतं, ती मॅकोएसची मर्यादा आहे, हब परत करून उपयोग नाही. एम१-एम२ वाल्यांना डिस्प्लेलिंक चिपवाला अडाप्टर हा एक मार्ग आहे, ड्रायव्हर टाकावा लागतो, कामाला ठीक, पण त्यावर ओटीटी लावलं की बऱ्याचदा काळं दिसतं.

लॅपटॉपची स्क्रीन फुटलीये, तो वापरता येईल?

हा तर उत्तम उमेदवार! स्क्रीन बदलायचा खर्च ऐकून कपाटात गेलेले किती लॅपटॉप घराघरांत पडलेत. मॉनिटर जोडून चालू करा, पासवर्डच्या स्क्रीनपर्यंत काही दिसलं नाही तरी थांबा, काही लॅपटॉप विंडोज सुरू झाल्यावरच बाहेर चित्र देतात. तरी नाही आलं तर विंडोज बटण आणि पी, मग खालचा बाण एकदा, एंटर, आणि नाही जमलं तर परत तेच बाण दोनदा दाबून. चित्र आलं की 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करून टाका म्हणजे फुटकी स्क्रीन उगाच लुकलुकत राहणार नाही. बिजागरी तुटून झाकण लोंबत असेल तर ते ओढू नका, वायफायची अँटेना बहुतेक लॅपटॉपात त्या झाकणातच असते, तिची वायर तुटली की रेंज जाते.

लॅपटॉप सात-आठ वर्षं जुना आहे, चालेल?

आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी (न फिरणारी वेगवान डिस्क) टाका, दुसरा कुठलाही खर्च एवढा दिसून येत नाही. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, अर्थात स्लॉट असेल तर, पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. उघडलाच आहे तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्टही बदलून घ्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. त्यात बसत नसेल आणि काम फक्त ब्राउझर-मेलचं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून बघा, पेनड्राईव्हवरून चालवून बघता येतं, आवडलं तरच इन्स्टॉल. टॅली, ठरावीक प्रिंटर, सरकारी साईटवर डिजिटल सही, यातलं काही रोजचं असेल तर मात्र या भानगडीत पडू नका.

ऑफिसचा आणि घरचा असे दोन लॅपटॉप आहेत, मॉनिटर एकच.

मॉनिटरला दोन इनपुट असतात, एक लॅपटॉप एचडीएमआयला, दुसरा टाईप सी किंवा डिस्प्लेपोर्टला, मॉनिटरच्या बटणानं बदला. कीबोर्ड-माउससाठी असा मॉडेल बघा जो ब्लूटूथवर दोन-तीन मशीन लक्षात ठेवतो, एक बटण दाबलं की उडी मारतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकायची परवानगी बहुधा नसते, म्हणून डिस्प्लेलिंकवाला डॉक घ्यायच्या आधी आयटीला विचारा.

मान, पाठ, टेबल?

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केला की बोटं टेकतील एवढं, कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले. डायनिंग टेबल बहुतेकांना उंच पडतं, खांदे वर चढतात, मग खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा. मॉनिटरला उंची कमी पडत असेल तर आर्म नको, जुनी टेलिफोन डिरेक्टरी किंवा दिवाळी अंकांचा गठ्ठा उत्तम. खिडकी बाजूला असू द्या, मागे किंवा पुढे नको.

मॉनिटरवर अक्षरं धूसर आणि लॅपटॉपवर छान, असं का?

लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं किती मोठी करून दाखवायची ते, १२५ किंवा १५० टक्के असतं आणि मॉनिटरचं १००, जुनी सॉफ्टवेअर इकडून तिकडे ओढली की गडबडतात. ती बंद करून मॉनिटरवरच परत उघडा. डिस्प्ले सेटिंगमध्ये रेझोल्यूशनपुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच आहे ना बघा, आणि 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जाऊन रिफ्रेश रेटही बघा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर चालवणारे खूप आहेत.

वीजबिल किती येईल?

लॅपटॉप ३० वॅट आणि मॉनिटर २५ धरा, रोज आठ तास, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्याही आत, महिन्याला साधारण तेरा युनिट. साधा डेस्कटॉप याच्या दुप्पट जातो.

मॉनिटर लावल्यापासून लॅपटॉपचा आवाज गेला.

गेला नाही, मॉनिटरकडे वळलाय आणि मॉनिटरला स्पीकर नाहीयेत. खाली उजवीकडे स्पीकरच्या खुणेवर क्लिक करून आउटपुट बदला. मीटिंगच्या ॲपमध्ये वेगळं सेटिंग असतं, तिथेही बदला.